सोलरमध्ये शिकायचंय? आधी वीज शिका: दहावीपासून एमटेकपर्यंतच्या वाटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या घरी पाहुण्यांची ये-जा वाढते. मी नाशिकला सौरऊर्जेच्या कामात आहे, बारा-तेरा वर्षं झाली. त्यामुळे नात्यातलं कुणी ना कुणी पोराला घेऊन येतं आणि चहा पुढ्यात यायच्या आत विचारतं, "सोलरमध्ये स्कोप आहे म्हणतात, ह्याला कुठं टाकू?" मागच्या वर्षी बहिणीचा मुलगा गुळगुळीत माहितीपत्रकच घेऊन आला. वर निळं आकाश, बाजूला पवनचक्की, मधोमध ठळक अक्षरात 'बीटेक रिन्यूएबल एनर्जी'. "मामा, हे घेऊ का?" म्हटलं, चार वर्षांत कुठले विषय शिकवणार ते कुठं छापलंय, दाखव. आम्ही दोघांनी मागचं-पुढचं सगळं पाहिलं. वसतिगृहाच्या जेवणाचा फोटो होता, विषय नव्हते.

त्याला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो.

पायरी १ : काम कुठलं ते आधी ठरवा

कामं आहेत का, ही शंका मनातून काढून टाका. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्या स्रोतांची वीजक्षमता उभारायची असं देशाचं उद्दिष्ट आहे, आणि २०२५ च्या मध्याला एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा अशा स्रोतांचा झाला. आपल्याकडचं बघा. धुळ्यात साक्रीचा सौर प्रकल्प, साताऱ्यात पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावोगाव उभे राहणारे छोटे प्रकल्प, साखर कारखान्यांतली सहवीजनिर्मिती. माणसं सगळीकडे लागतात.

पण 'रिन्यूएबलवाला' नावाचा माणूस साइटवर नसतो. सौर प्रकल्पावर पॅनेलच्या माळा (एकापुढे एक जोडलेली पॅनेलं), इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर बघायला इलेक्ट्रिकलवाला लागतो. पाया आणि सांगाडा सिव्हिलवाल्याकडे. साखर कारखान्यात चिपाड जाळून वाफ करायची आणि टर्बाइन फिरवायचं, तिथं मेकॅनिकल. इथेनॉल, बायोगॅस, हायड्रोजन म्हटलं की केमिकल. जमिनीचे करार, वीजखरेदीचे दर, नियामक आयोगापुढची प्रकरणं या कामांत तर इंजिनिअर सोडून बाकीचेच जास्त असतात.

म्हणून मुलाला मी एकच विचारतो. तुला तारेत हात घालायला आवडतं, यंत्रात, भट्टीत, का कागदात? पुढच्या सगळ्या पायऱ्या या उत्तरावर आहेत.

पायरी २ : दहावीनंतर लगेच

इथं तीन दारं आहेत: आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अकरावी विज्ञान.

आयटीआयमध्ये आता 'सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल)' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. नाव ऐकून पोरं तिकडे धावतात. माझं मत विचाराल तर दोन वर्षांचा वीजतंत्रीचा ट्रेड घ्या, म्हणजे इलेक्ट्रिशियन. कारण सरळ आहे. दहावी अधिक दोन वर्षांचा योग्य आयटीआय झाला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. एक वर्षाच्या ट्रेडवर ती वाट अडते. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीतही आजवर मुख्यतः वीजतंत्री आणि तारतंत्री हेच ट्रेड मागितले गेले आहेत. सोलर नंतर तीन महिन्यांत शिकता येतं. मोटर, अर्थिंग, पॅनेल बोर्ड हे मात्र पाया म्हणून शिकलेलंच बरं.

ते तीन महिन्यांचं शिक्षण म्हणजे सूर्यमित्र. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं २०१५ मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम, सुरुवातीला ६०० तासांचा. गुरुग्रामची राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था त्याचं काम बघते आणि प्रशिक्षण राज्याराज्यांतल्या केंद्रांवर होतं. आयटीआय किंवा पदविका झालेल्यांसाठी तो आखलेला आहे. पवनचक्कीसाठी वायुमित्र आणि छोट्या जलविद्युतसाठी जल-ऊर्जामित्र असे त्याचे भाऊही आहेत. 'सोलर इंजिनिअर बना, शंभर टक्के नोकरी' म्हणत चाळीस-पन्नास हजार घेणारे खासगी वर्ग दिसतील, त्यांच्या आधी ही चौकशी करा.

पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, प्रवेश परीक्षा नाही. तीन वर्षं. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. साइटवर ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात, कारण वर्कशॉपमध्ये त्यांचे हात काळे झालेले असतात. घरची परिस्थिती बेताची असेल आणि अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च झेपणारा नसेल तर ही वाट कमीपणाची मानू नका.

स्वतःचा धंदा डोक्यात असेल तर एक गोष्ट आत्ताच टिपून ठेवा. वीजजोडणीची कामं घ्यायला विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो. त्यासाठी पुरेशी अर्हता असलेली, परवानाधारक माणसं तुमच्याकडे असावी लागतात. इथं वीजतंत्रीचं प्रमाणपत्र कामाला येतं, वर्गाचं रंगीत सर्टिफिकेट येत नाही.

पायरी ३ : बारावीनंतर पदवी

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन बारावी, मग एमएचटी-सीईटी. २०० गुण, त्यातले निम्मे गणिताचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो शाखा निवडताना.

माझं म्हणणं ठाम आहे. पदवीला मूळ शाखा घ्या आणि ऊर्जा तिच्यावर चढवा. अपवाद आहेत. आयआयटी मुंबईत ऊर्जाशास्त्र व अभियांत्रिकी असा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथं एनर्जी इंजिनिअरिंगमध्ये बीटेक होतं; २०१० पासून फोटोव्होल्टाइक, म्हणजे उन्हापासून थेट वीज करण्याच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही तिथंच आहे. आयआयटी दिल्लीतही तसा विभाग आणि तसं बीटेक आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून अशा ठिकाणी जागा मिळत असेल तर डोळे झाकून जा, तिथं पाया कच्चा राहत नाही. पण चार वर्षांपूर्वी उघडलेल्या एखाद्या कॉलेजात, फक्त पाटीवर 'रिन्यूएबल' आहे म्हणून जाल, तर बाहेर पडल्यावर सरकारी भरतीच्या अर्जात तुमची शाखा यादीत आहे का, इथपासून शोधाशोध सुरू होते.

मूळ शाखा का म्हणतो, त्याचा एक किस्सा. माझी पहिली नोकरी. निफाडजवळ द्राक्षाच्या शीतगृहाच्या छपरावर प्रकल्प होता आणि पॅनेलची मांडणी मी केली होती. एका पॅनेलचं खुल्या मंडलातलं, म्हणजे त्यातून वीज वाहत नसतानाचं व्होल्टेज ४९.५. एका माळेत वीस पॅनेल, म्हणजे ९९०. इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्ट. हिशेब बरोबर, मी खूश. ऑक्टोबरात सगळं सुरळीत चाललं. जानेवारीत मालकाचा फोन आला, "साहेब, सकाळी ऊन पडलं की तुमचं मशीन लाल दिवा दाखवतं, नऊ-साडेनऊला आपोआप सुरू होतं." दोन दिवस मी वायरिंग चाचपत बसलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, "निफाडला आज पारा किती?"

पाच अंश. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंशांचा असतो. पॅनेल जितकं गार, तितकं व्होल्टेज जास्त; दर अंशाला साधारण पाव टक्क्याहून थोडं अधिक. वीस अंशांचा फरक म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. ९९० चे १०४३ झाले होते. प्रत्येक माळेतून एक पॅनेल काढलं, एकोणीसवर आलो, प्रश्न मिटला. इन्व्हर्टर जळला नाही हे माझं नशीब.

हे मला कुठल्या 'सोलर डिझाइन' अभ्यासक्रमानं शिकवायला हवं होतं असं नाही. पॅनेल ज्याचं बनतं त्या अर्धसंवाहकाचं व्होल्टेज तापमान वाढलं की उतरतं, हे दुसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतं. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

मूळ शाखेवर ऊर्जा चढवायची सोय आता कॉलेजातच असते. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या चौकटीत १८ ते २० जादा क्रेडिटचा मायनर, म्हणजे जोडविषय घेता येतो, काही ठिकाणी ऑनर्स. तुमच्या कॉलेजात ऊर्जेचा मायनर नसेल तर स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सौर, पवन, ऊर्जा साठवण यांवरचे कोर्स फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी.

शेतीची वाट, जिच्याकडे कुणी बघत नाही

कृषी अभियांत्रिकीचं बीटेक. प्रवेश सीईटीतूनच. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही आपली चार कृषी विद्यापीठं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा विभाग कित्येक वर्षं आहे, आणि या शाखेत पुढं नवीकरणीय ऊर्जा अभियांत्रिकीत एमटेकची वाट आहे. सौर पंप, सौर वाळवण यंत्र, बायोगॅस, तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांपासून कांडी कोळसा असे तिथले विषय. पंतप्रधान कुसुम योजना, मागेल त्याला सौर कृषी पंप, हे सगळं ज्या बांधावर चालतं तिथली माती आणि विहीर ओळखणारा इंजिनिअर दुर्मीळ आहे. पंप बसवायला आलेला शहरी पोरगा पाण्याची पातळी न विचारता अश्वशक्ती सांगतो, तेव्हा शेतकरी नुसता बघत राहतो.

ऊस पट्ट्यातल्या मुलांनी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम जरूर बघावेत. पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, ते आसवनीतूनच, म्हणजे डिस्टिलरीतूनच आलं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, जैवऊर्जेवर खास संशोधन केंद्र आहे. केमिकलवाल्यांसाठी यापेक्षा चांगला पत्ता राज्यात मला तरी माहीत नाही.

पायरी ४ : पदव्युत्तर

'ऊर्जा' हा शब्द पदवीवर छापून घ्यायची खरी वेळ ही. गेट ही एमटेकच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्या. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. इलेक्ट्रिकलवाल्यांनी इलेक्ट्रिकलचाच पेपर द्यावा, सरकारी कंपन्यांची दारंही त्यानं उघडतात. २०२६ च्या गेटपासून इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात एनर्जी सायन्स हा विभागही आला आहे. गेटमधून एमटेकला गेलात तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात पुण्या-मुंबईत राहणं ओढाताणीचंच आहे, पण घरून पैसे मागायची वेळ कमी येते.

कुठं जायचं? आयआयटी मुंबई वर आलंच. आयआयटी रूडकीत जलविद्युत व नवीकरणीय ऊर्जेचा विभाग आहे, धरण-कालव्यात रस असणाऱ्यांसाठी. दिल्लीच्या टेरी स्कूलमध्ये नवीकरणीय ऊर्जा अभियांत्रिकी व व्यवस्थापनाचं एमटेक. गांधीनगरला पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ. आणि जवळचं म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ऊर्जा अभ्यास केंद्र, स्कूल ऑफ एनर्जी स्टडीज.

बीएस्सीवाल्यांनी हिरमुसून जाऊ नये. सौर घट, बॅटरी, हायड्रोजन यांचं संशोधन भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रवाल्यांच्या हातात आहे. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा, मग पीएचडी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या कामासाठी नावाजलेला आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट २०३० साठी. त्यातला बराच भाग अजून प्रयोगशाळेतच सुटायचा आहे.

वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा केलेल्यांसाठी वीज नियामक आयोग, वीजखरेदी करार, ओपन अ‍ॅक्सेस (मोठ्या ग्राहकानं वितरण कंपनी सोडून दुसऱ्याकडून वीज घेणं) हे मोठं मैदान आहे. पुण्यातला प्रयास ऊर्जा गट वर्षानुवर्षं विजेच्या दरांवर आणि धोरणावर काम करतोय. त्यांचे अहवाल वाचून बघा. झोप आली तर हे क्षेत्र तुमचं नाही.

नोकरी लागल्यावरची एक परीक्षा

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा घेतं. व्यवस्थापकाला तीन पेपर, लेखापरीक्षकाला चार. चौथा पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा, आणि तोच बहुतेकांना नडतो. इंजिनिअरिंग पदवीनंतर ऊर्जेशी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून आत्ता फक्त ठाऊक असू द्या. कारखान्यांत या प्रमाणपत्राला किंमत आहे.

पवनचक्कीकडे जाणाऱ्यांनी उंचीचा विचार आधी करावा. मनोरा ८० मीटरच्या वर, आत शिडी, अंगावर हार्नेस. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं सुरक्षा प्रशिक्षण लागतं, तेही उंचीवरच्या कामाचं. पवनऊर्जेतलं तांत्रिक शिक्षण चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेत मिळतं. वारा पावसाळ्यात, त्यामुळे देखभालीची मोठी कामं एरवी. पठारावर कडक थंडीत राहायची तयारी हवी.

पायरी ५ : कॉलेज तपासायला स्वतः जा

संकेतस्थळ बघून ठरवू नका. आधी अधिकृत मान्यता आणि एनबीए, नॅक ही दर्जाची मूल्यांकनं बघा, ते घरबसल्या होतं. मग एक दिवस काढून जा आणि म्हणा, "तुमची सोलर लॅब बघायचीये." गच्चीवर नेतील. पॅनेलवर धुळीचा थर आणि कबुतरांची विष्ठा असेल तर ती लॅब उद्घाटनाच्या दिवसानंतर वापरलेली नाही. किरणमापक, म्हणजे पायरॅनोमीटर आहे का, आणि त्याची नोंदवही कुठं आहे, एवढं विचारा. मग तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, इंटर्नशिप कुणी मिळवून दिली, कॉलेजनं का काकांनी.

पायरी ६ : पैसे

यात चूक झाली तर लाखांचा फटका बसतो, म्हणून सावकाश वाचा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांना शिक्षण शुल्कात सवलत मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, उत्पन्नाची हीच अट धरून, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर. मात्र प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात किंवा खासगी अभिमत, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलात तर ही माफी मिळत नाही. आणि 'रिन्यूएबल'ची चकचकीत माहितीपत्रकं बहुतेक कुठून येतात ते तुम्हीच ताडा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे निकालानंतर तहसीलच्या रांगेत उभं राहून काढण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा.

परदेश, थोडक्यात

पदवी इथं, पदव्युत्तर तिकडे, हा क्रम खिशाला परवडतो. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाचा नवीकरणीय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८७ पासून चालू आहे. नेदरलँड्सच्या डेल्फ्टला शाश्वत ऊर्जा तंत्रज्ञान, डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात पवनऊर्जा, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात सौर घट. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. भारतीयांना जर्मन व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लागतं आणि त्याला वेळ जातो, तेव्हा ते आधी.

पायरी ७ : आज संध्याकाळी करायचं काम

प्रवेशाची वाट बघत बसू नका. घरचं वीजबिल घ्या. मागच्या बारा महिन्यांची युनिटं त्यावर असतात, त्यांची सरासरी काढा. आपल्याकडे एक किलोवॅट सौर पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, महिन्याला १२०. आता तुमच्या घराला किती किलोवॅट लागेल, छपरावर तेवढी जागा आहे का, पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं अनुदान धरून किती खर्च येईल (तीन किलोवॅट आणि वर ७८,००० रुपये), आणि तो किती वर्षांत वसूल होईल, हे वहीच्या एका पानावर मांडा. हे करताना मजा आली तर पुढं या.

बहिणीच्या मुलाला मी हेच दिलं होतं. कॅपमधून त्याला इलेक्ट्रिकल मिळालं, दिवाळीत वही घेऊन आला. सरासरी बरोबर, किलोवॅट बरोबर, अनुदानही बरोबर. म्हटलं, "आणि मागच्या अंगणातला नारळ?" गडी गप्प. मग दुपारी तीनला आम्ही दोघं खडू घेऊन गच्चीवर गेलो, सावली कुठपर्यंत येते ती आखायला.